ऐकू येते, पण उमगत नाही

वार्धक्यात श्रवणशक्ती क्षीण होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु या ऱ्हासाचा आरंभ नेमका कोठे होतो? कानातील सूक्ष्म केशपेशी ध्वनी टिपतात आणि श्रवणतंत्रिका तो मेंदूपर्यंत पोहोचवते. प्रथम केशपेशी मरतात, मग तंत्रिका, असा दीर्घकाळ समज होता. बोस्टन येथील शास्त्रज्ञ शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांच्या उंदरांवरील अभ्यासाने तो बदलला.

२००९ साली त्यांनी दाखवले, की १०० डेसिबलच्या गोंगाटात दोनच तास राहिलेल्या उंदरांची श्रवणचाचणी काही काळाने पूर्ववत आली. केशपेशीही शाबूत होत्या. मात्र काही भागांत तंत्रिकेशी जोडणारे सुमारे निम्मे सांधे नष्ट झाले होते. २०१३ मध्ये, गोंगाटापासून दूर वाढलेल्या उंदरांतही वयाबरोबर हे सांधे केशपेशींच्या आधीच घटत असल्याचे आढळले. खातेवहीची शिल्लक जुळावी, पण आतील नोंदी गहाळ असाव्यात, तसाच हा प्रकार.

शांत खोलीतील मंद स्वर ऐकण्यास थोडे तंतू पुरतात. गलबल्यातून शब्द वेगळा काढण्यास पुष्कळ लागतात. मानवी कानांच्या मरणोत्तर तपासणीतही वयानुसार अशीच घट दिसली आहे.

म्हणून दुकानाच्या वर्दळीत वडीलधाऱ्यांनी ग्राहकाचे बोलणे पुन्हा विचारले, तर ते दुर्लक्ष मानू नये. त्यांच्यासमोर येऊन, सावकाश, एका वेळी एकानेच बोलावे. मिरवणुकीतील कर्ण्यांपासून तरुणांनीही कान जपावेत. हे ज्ञान मुक्या जिवांच्या प्राणांच्या मोलाने मिळाले आहे. ते वाया घालवणे उचित नव्हे.