अळंबी : अन्न की औषध?

पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीला आपण लाथाडतो. आणि तिच्याच कुळातल्या अळंबीची भुकटी बाटलीत भरून आली, की ‘सर्व रोगांवर रामबाण’ म्हणून पैसे मोजतो. श्रमणाऱ्या माणसाने आपला पगार तिच्यात घालावा काय, एवढाच आजचा प्रश्न.

अळंबीत औषधी गुण नाहीत असे नव्हे. कोकणात फणसाच्या खोडावर वाढणारा टणक ‘फणसोंबा’ तोंड आले असता उगाळून लावतात. १९८५ मध्ये जपानने शिताके अळंबीतून काढलेल्या ‘लेंटिनान’ला जठराच्या कर्करोगासाठी परवानगी दिली, पण तीही टोचून, आणि इतर औषधांच्या जोडीला.

अळंबी ही एक बुरशीच. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनही बुरशीपासूनच तयार झाले. ती बुरशी कोणी चमच्याने खाल्ली नाही. अर्क गाळला, शुद्ध केला, मात्रा ठरवली, तेव्हा औषध झाले. बाटलीतल्या भुकटीमागे असा हिशेब क्वचितच असतो.

अन्न म्हणून मात्र अळंबी उत्तम. ताज्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे नव्वद ग्रॅम पाणी, तीनेक ग्रॅम प्रथिने. उन्हात ठेवल्यास ‘ड’ जीवनसत्त्वही वाढते. आपल्याकडच्या सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी अळंबी घरीही पिकते.

रानातली अनोळखी छत्री मात्र खाऊ नये. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही, आणि उलट्या सुरू व्हायलाच सहा तासांहून अधिक वेळ लागतो.

तेव्हा अळंबी ताटात असू द्या. आजाराला डॉक्टर गाठा, आणि चालू औषध भुकटीच्या भरवशावर सोडू नका.