एका गिनीची वर्गणी : पाली टेक्स्ट सोसायटीचा हिशेब व कारभार

विहारात आपण त्रिसरण-पंचशील पालीतून म्हणतो. परंतु तिपिटकाचे पाली ग्रंथ छापील रूपात जगभरच्या अभ्यासकांच्या हाती कोणाच्या पैशाने आले, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. त्याचे उत्तर बहुतांशी एकाच शब्दात आहे : वर्गणी.

1881 साली थॉमस विल्यम ऱ्हीस डेव्हिड्स यांनी इंग्लंडमध्ये पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. हे गृहस्थ सिलोनमधील ब्रिटिश मुलकी सेवेत होते आणि तेथेच एका भिक्खूंकडे पाली शिकले. त्यांची नोकरी मात्र बडतर्फीने संपली. चौकशीत पुढे आलेल्या आक्षेपांत दंडाच्या रकमा गैरवाजवी रीतीने वसूल केल्याचाही आक्षेप होता. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस ही गोष्ट झाकून ठेवावीशी वाटत नाही. ज्यांच्या नावावर असा शेरा पडला, त्यांनीच उभारलेली संस्था आपल्या वर्गणीदारांच्या याद्या छापून प्रसिद्ध करीत असे, हेही तितकेच खरे.

वर्गणीचा दर होता वर्षाला एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग. सहा वर्षांची वर्गणी आगाऊ भरल्यास पाच गिनी. या एका गिनीच्या सवलतीतच संस्थेचे सारे अर्थशास्त्र सामावले आहे. ग्रंथ छापताना कागद, जुळारी आणि बांधणी यांचे पैसे आधी द्यावे लागतात. विक्री मागाहून होते आणि पाली ग्रंथांच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे रेंगाळते. बँकेचे कर्ज काढून असा व्यवहार चालत नाही. आगाऊ वर्गणी हेच संस्थेचे खेळते भांडवल होते आणि त्या बदल्यात वर्गणीदारास त्या त्या वर्षीचे ग्रंथ मिळत. आरंभीच्या याद्यांत युरोपातील पंडितांबरोबर सिलोनमधील भिक्खूंची नावे मोठ्या संख्येने आढळतात. गॅलचे मुदलियार गुणरत्ने यांनी तिकडील वर्गणीचे काम सांभाळले. पाली विद्येचा जीर्णोद्धार युरोपने केला असे जेव्हा कोणी सांगते, तेव्हा ही चीवरधारी वर्गणीदारांची यादी त्याच्यापुढे ठेवावी.

1922 मध्ये संस्थापकांचे निधन झाले, तोवर 64 ग्रंथ 94 खंडांत प्रसिद्ध झाले होते. पृष्ठसंख्या 26,000 च्या वर. पाली-इंग्रजी शब्दकोशाचे काम त्यांच्या हयातीत सुरू झाले आणि विल्यम स्टीड यांनी ते 1925 पर्यंत तडीस नेले.

आता कारभाराकडे वळू. संस्थापकांनंतर अध्यक्षपद त्यांच्या पत्नी कॅरोलाइन यांच्याकडे आले व 1942 पर्यंत राहिले. म्हणजे 61 वर्षे सूत्रे एकाच घरात होती. बाईंची विद्वत्ता वादातीत. पण उत्तरायुष्यात मूळ बुद्धवचनाविषयी त्यांनी मांडलेली मते बहुतेक पाली अभ्यासकांना पटली नाहीत. इतकी वर्षे एकाच घरात सूत्रे राहणे, घर विद्वानांचे असले तरी, संस्थेला जोखमीचेच असते, असे आमचे मत आहे. पुढे आय. बी. हॉर्नर या विदुषी 1942 पासून मानद सचिव आणि 1959 ते 1981 अध्यक्षा होत्या. विनयपिटकाचे भाषांतर तर त्यांनी केलेच, शिवाय स्वतःच्या पैशातून संस्थेला देणग्याही दिल्या. त्यानंतर नॉर्मन, गोम्ब्रिच, कझिन्स, गेथिन असे अध्यक्ष होत गेले.

आज ही संस्था इंग्लंडच्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था आहे. अशा संस्थेच्या विश्वस्तांना विश्वस्तपणाबद्दल सामान्यतः मानधन घेता येत नाही. वार्षिक माहिती धर्मादाय आयोगाकडे जाते आणि ती कोणालाही पाहता येते. विशिष्ट हेतूने मिळालेला निधी वेगळा दाखवावा लागतो : पुनर्मुद्रणासाठी आलेला पैसा कार्यालयाच्या भाड्यावर खर्च झाला, तर तो विश्वासभंग ठरतो.

आपल्या निवासी शाळांचा कारभार पाहणाऱ्या बहुतेक संस्थांची नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी असते. तत्त्व तेच. वर्षाअखेर हिशेबांची तपासणी करून घ्यायची. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यायची. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अहवाल द्यायचा. आमच्या अनुभवात संस्था सर्वांत जास्त अडखळतात त्या या शेवटच्या पायरीवर. दिवंगत विश्वस्ताचे नाव नोंदीत तसेच राहते, दोन गट दोन बदल अहवाल दाखल करतात, बँक सह्या स्वीकारत नाही आणि वसतिगृहाचे धान्य उधारीवर येऊ लागते. अपहार कोणीच केलेला नसतो, तरी मुलांच्या ताटात वरण पातळ होते.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ताळेबंद वाचण्याचा कंटाळा नसावा. पाहायचे असते ते थोडेच. इमारत निधी म्हणून दिलेली रक्कम त्याच नावाने पुढल्या वर्षीच्या ताळेबंदात दिसते का? आगाऊ उचल दिलेल्या रकमा किती वर्षे तशाच आहेत? लेखापरीक्षकाने शेरा मारला असेल, तर त्याचे उत्तर पुढील सर्वसाधारण सभेत दिले गेले का? संस्थेच्या कचेरीत हे कागद मिळाले नाहीत, तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून व शुल्क भरून त्यांच्या नकला मागता येतात. अर्जात विश्वस्त व्यवस्थेचा नोंदणी क्रमांक लागतो. तो देणगीच्या पावतीवर छापलेला असतो.