पाणी नको म्हणणाऱ्या होंडापासून

होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. रेडिएटरमधलं पाणीही शेवटी हवाच थंड करते, मग मधे पाणी हवंच कशाला? या हट्टातून १९६८ साली आरए३०२ ही फॉर्म्युला वनची गाडी तयार झाली. तीन लिटरचं व्ही-८ इंजिन हवेवर थंड होणारं, सांगाडा मॅग्नेशियमचा. चाचणीनंतर होंडाचे चालक जॉन सर्टीझ यांनी ती शर्यतीत चालवायला नकार दिला. ७ जुलैला फ्रान्समध्ये रूआंच्या ओल्या रस्त्यावर जो श्लेसर ती घेऊन उतरले. तिसऱ्याच फेरीत गाडी आदळून पेटली आणि ते गेले. अपघाताचं खापर थंडाव्याच्या पद्धतीवर फोडता येणार नाही, पण ती गाडी शर्यतीला तयार नव्हती हे सर्टीझ यांनी आधीच ओळखलं होतं. होंडाच्या तरुण अभियंत्यांनी पुढे मालकांचे भागीदार ताकेओ फुजिसावांच्या मध्यस्थीने पाणी त्यांच्या गळी उतरवलं आणि १९७२ची सिव्हिक पाण्यावर थंड होणारी निघाली.

पाणी आलं, तरी भांडण मिटलं नाही. इंजिनाला मोठा रेडिएटर हवा असतो, वेगाला लहान. १९७८ मध्ये ब्रॅबहॅम संघाचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी रेडिएटरऐवजी बीटी४६ या गाडीच्या अंगावर उष्णता सोडणारे सपाट पत्रे बसवले. चाचणीतच ते अपुरे पडले आणि नेहमीचे रेडिएटर नाकाशी परत आले. त्याच वर्षी या गाडीच्या मागे भला मोठा पंखा लागला. सांगायला तो इंजिन थंड करण्यासाठी होता. खरं काम गाडीखालची हवा उपसून तिला रस्त्याला चिकटवण्याचं! स्वीडनमध्ये निकी लाउडा जिंकले, आणि त्या एकाच शर्यतीनंतर पंखा निघाला.

२०१४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हायब्रीड इंजिनं आली, तेव्हा सलग चार वेळचा विजेता रेड बुल संघ हेरेसच्या चार दिवसांच्या चाचणीत जेमतेम २१ फेऱ्या मारू शकला. रेनोच्या इंजिनाच्या तक्रारी होत्याच, त्यात गाडीची बांधणी इतकी आवळलेली की उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती.

एवढ्या वर्षांत गॅरेजमधलं शहाणपण फारसं बदललेलं नाही. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, कारण दाब सुटताच पाणी उसळून अंगावर येतं. इंजिन निवल्यावर नुसतं पाणी भरून गाडी पुन्हा पळवायचीही नाही. ॲल्युमिनियमचं हेड वाकलंय का, गॅस्केट गेलंय का, ऑइल दुधाळ झालंय का, हे आधी बघायचं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून पाण्यात अडकलेली हवा काढायची आणि रेडिएटरभोवतीच्या फटी बुजवायच्या, म्हणजे हवा बाजूने न निसटता जाळीतूनच जाते. माझ्या मते इंजिन तापण्याचं मूळ बऱ्याचदा इंजिनात नसतंच, ते गाडी सडपातळ करण्याच्या लोभात असतं.

मर्सिडीजलाही हे चुकलं नाही. २०१९च्या पहिल्या आठही शर्यती जिंकून हा संघ ऑस्ट्रियाच्या उन्हात उतरला. थंडावा कमी पडल्याने चालकांना ब्रेकच्या आधीच ॲक्सिलरेटर सोडावा लागत होता. ते तिसरे आणि पाचवे आले. जिंकला मॅक्स वेर्स्टापेन, आणि त्याच्या गाडीत इंजिन होतं होंडाचं, पाण्यावर थंड होणारं.