वजनाचा हिशेब

दर्यावरच्या नोकऱ्या : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतो. तिथलं इंजिन बंद पडलं तरी जहाज तरंगत राहतं आणि मदतीची वाट पाहता येते. पाणबुडीत ही सोय नाही. त्यामुळे तिथल्या इंजिनिअरचं काम मुळातच निराळं आहे. यंत्रं चालती ठेवणं हा त्यातला एक भाग, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात सोपा. बाकीचा जीव जातो तो हिशेबात.

उदाहरणाला आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस कलवरी’ घेऊ. १४ डिसेंबर २०१७ रोजी ती मुंबईत नौदलात दाखल झाली. याच वर्गातली सहावी, ‘वाघशीर’, जानेवारी २०२५ मध्ये आली. कलवरीची लांबी ६७.५ मीटर, पाण्याखालचं वजन साधारण पावणेअठराशे टन. पाण्याच्या पोटात स्थिर राहायचं तर हे वजन आणि तिनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन जुळलं पाहिजे. आर्किमिडीजचा हा नियम शाळेत दोन मार्कांपुरता असतो, इथे तो चोवीस तास पाठीशी लागलेला असतो.

कारण पाणबुडीचं वजन घटकाभरही एकसारखं राहत नाही. डिझेल जळलं की ती हलकी होत असेल, असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. टाकी रिकामी ठेवता येत नाही म्हणून संपलेल्या डिझेलच्या जागी खालून समुद्राचं पाणी येतं, आणि ते डिझेलपेक्षा जड. दहा हजार लिटर डिझेल खर्ची पडलं की पाणबुडी पावणेदोन-एक टनांनी जड झालेली असते. तेवढं पाणी दुसऱ्या टाकीतून पंपानं बाहेर फेकावं लागतं. खोल गेलं की दाबानं हल, म्हणजे पाणबुडीचं कवच, किंचित आकसतो, म्हणजे तरंगण्याचा जोर कमी. त्यात समुद्रही सगळीकडे सारखा खारट नाही. अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागरात, त्यातही पावसाळ्यानंतर, नद्यांच्या पाण्यामुळे खारटपणा कमी असतो. पाण्याची घनता अर्ध्या टक्क्यानं घटली, तरी कलवरीएवढी पाणबुडी जवळजवळ नऊ टन जड असल्यासारखी खाली बसू लागते. काहीही न करता! हा हिशेब कोणत्या अधिकाऱ्याकडे असतो ते प्रत्येक नौदलाच्या परंपरेवर अवलंबून. जर्मन पाणबुड्यांत तो थेट मुख्य इंजिनिअरकडेच असायचा. पण टाक्या, पंप आणि व्हॉल्व्ह कुठेही इंजिनिअरचेच.

दुसरा हिशेब हवेचा. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी वर काढायची, तिच्यातून हवा ओढत डिझेल इंजिनं चालवायची आणि बॅटरी चार्ज करायची. याला स्नॉर्टिंग म्हणतात. लाट नळीच्या तोंडावरून गेली की तोंडाची झडप आपोआप मिटते. इंजिनाला मात्र हवा हवीच असते, मग ते ती पाणबुडीच्या आतूनच ओढतं. क्षणात आतला दाब उतरतो, सगळ्यांच्या कानांना दडे बसतात, आणि झडप उघडली की पुन्हा सुटतात. खवळलेल्या समुद्रात हे किती तरी वेळ चालतं. दाब ठरल्यापेक्षा खाली गेला तर इंजिन बंद करायचं, ही जबाबदारी इंजिनरूमची. शिवाय चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगीही पुरते. म्हणून पंखे चालू आहेत ना आणि हायड्रोजनचं मीटर किती दाखवतंय, हे कुणी तरी सतत पाहत असतं.

चित्रपटांत पेरिस्कोपला डोळा लावलेला कप्तानच दिसतो, हायड्रोजनचं मीटर वाचणारा कधी दिसत नाही. माझ्या मते ताण त्याच्याकडे जास्त असतो.

तिसरा हिशेब पाण्याच्या दाबाचा. दोनशे मीटरवर तळहाताएवढ्या झाकणावर सुमारे दोन टनांचा भार येतो. इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत घ्यावं लागतं, म्हणजे असे पाइप आणि त्यांचे सांधे अनेक. यातला एक सांधा सुटला तर काय होतं, याचं उत्तर १० एप्रिल १९६३ रोजी मिळालं. अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी केप कॉडच्या पूर्वेला खोल बुडीची चाचणी घेताना १२९ जणांसह गेली. चौकशीत निघालेला संभाव्य क्रम असा : समुद्राच्या पाण्याच्या पाइपचा सांधा सुटला, फवाऱ्यानं विजेची यंत्रणा बिघडून अणुभट्टी बंद पडली. आता बॅलास्ट टाक्यांत, म्हणजे बुडी मारताना पाणी भरतात त्या टाक्यांत, दाबाची हवा सोडून वर यायचं. पण त्या हवेतल्या ओलाव्याचा गाळण्यांमध्ये बर्फ झाला आणि हवेची वाट अडली. तशाच दुसऱ्या एका पाणबुडीवर धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत चाचणी घेतली, तर तिथेही बर्फानं गाळण्या बंद पडल्या. म्हणजे एका बिघाडावरचा उपायच दुसऱ्या बिघाडात अडकला होता.

त्यातून डिसेंबर १९६३ मध्ये ‘सबसेफ’ नावाची पद्धत आली. पाणी बाहेर ठेवणारा प्रत्येक भाग कुठल्या धातूचा, कुणी जोडला, कुणी तपासला, हे वाण्याच्या खतावणीसारखं नोंदलेलं असलंच पाहिजे. नोंद नसेल तर भाग चांगला असूनही बाद. या पद्धतीनं प्रमाणित झालेली एकही अमेरिकी पाणबुडी आजवर बुडालेली नाही. १९६८ साली गेलेली ‘स्कॉर्पियन’ प्रमाणित नव्हती. पाइप जोडणारा कारागीर कितीही तरबेज असो, कागदावर सही नसेल तर इंजिनिअरनं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे कोरडं वाटेल, पण या नोकरीचं सार मला त्यात दिसतं.

आता वाट. बारावीला भौतिक, रसायन, गणित, जेईई मेनचा क्रमांक आणि मग एसएसबीची मुलाखत पार केली की केरळातल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीत बी.टेक. करता येतं, इंजिनिअरिंग आधीच झालं असेल तर पदवीनंतरचाही मार्ग आहे. पुढचं सागरी अभियांत्रिकीचं शिक्षण आपल्या लोणावळ्यात, १९४५ पासून चालू असलेल्या ‘आयएनएस शिवाजी’त. पाणबुडी शाखेसाठी स्वतःहून नाव द्यावं लागतं. मग विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस सातवाहन’मधला अभ्यासक्रम आणि त्यानंतर प्रत्यक्ष पाणबुडीवरची उमेदवारी. एकेक पाइप हातानं चाचपत शोधायचा, त्याचा नकाशा आठवणीतून काढायचा, दिवे गेले तरी हात थेट हव्या त्या व्हॉल्व्हवर पडला पाहिजे. तोंडी परीक्षा पास झाल्यावरच छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. भत्ता वेगळा मिळतो. धोकाही खरा आहे : फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईजवळ ‘सिंधुरत्न’मध्ये धूर पसरून दोन अधिकारी गेले. घरच्यांशी बोलताना हे लपवू नये.

नव्या मुलांसाठी काम वाढतंच आहे. पाणबुडीला वारंवार वर यावं लागू नये म्हणून इंधनघटावर (फ्युएल सेलवर) वीज देणारी यंत्रणा डीआरडीओच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेनं विकसित केली. मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरची चाचणी झाली. ती पाणबुडीत बसवायची तर हल कापून मध्ये एक नवा तुकडा जोडावा लागतो. तो बांधण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी झाला आहे. चालती पाणबुडी कापून पुन्हा जोडतात कशी आणि ते जोडकाम करणारे वेल्डर घडतात कुठे, ते पुढच्या आठवड्यात.