टिफ्रॅक : मुंबईत घडलेला संगणक

1954 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही तरुणांनी संगणक बांधायला घेतला, तेव्हा त्यांच्यापैकी कुणीही आधी संगणक बांधलेला नव्हता. गटाचं नेतृत्व अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट घेऊन परतलेले आर. नरसिंहन करत होते. त्याच सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून संगणक विकत आणला. मुंबईकरांनी मात्र तो स्वतः घडवायचं ठरवलं.

आधी छोटं प्रायोगिक यंत्र तयार झालं, ते 1956 मध्ये चालू झालं. मग 1960 मध्ये पूर्ण संगणक उभा राहिला. त्यात 2,700 व्हॉल्व्ह, 1,700 जर्मेनियम डायोड आणि 12,500 रेझिस्टर होते. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, ‘टिफ्रॅक’.

त्याची खरी करामत स्मृतीत होती. फेराइटच्या इवल्याशा कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असत. कडीचं चुंबकत्व एका दिशेला असलं तर शून्य, उलट दिशेला असलं तर एक. गंमत अशी, की कडी वाचताना तिच्यातली नोंद पुसली जाई, म्हणून वाचलेलं लगेच पुन्हा लिहावं लागे. 40 बिटांचे 2,048 शब्द, म्हणजे जेमतेम 10 किलोबाइट, एवढीच स्मृती! आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. तरीही फेराइट स्मृती तेव्हा जगातही नवीच होती. आलेख दाखवायला यंत्राला पडदाही जोडलेला होता.

काळ मात्र वेगाने पुढे गेला. परदेशात ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हची जागा घेतली होती. 1964 मध्ये संस्थेत अमेरिकी सीडीसी 3600 आला आणि टिफ्रॅक मागे पडला.

माणसं मात्र तयार झाली होती. नरसिंहन यांच्याच पुढाकाराने 1975 मध्ये या संस्थेत सॉफ्टवेअर विकासाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. त्यातूनच एनसीएसटी ही संस्था उभी राहिली आणि 2003 मध्ये ती सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली. याच सी-डॅकने घडवलेले ‘परम रुद्र’ महासंगणक 2024 मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात कार्यान्वित झाले.

सेमीकंडक्टर उद्योगासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये 76,000 कोटींची योजना मंजूर केली. कारखाने त्यातून उभे राहतील. पण टिफ्रॅकने घडवली तशी माणसं घडवायची, तर त्या पैशातला काही वाटा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांकडेही वळायला हवा, म्हणजे विद्यार्थ्यांना सर्किटपासून प्रोग्रॅमपर्यंत अख्खं यंत्र स्वतः बांधून पाहता येईल.