परचक्र आणि क्रांति : पोलंडचा दाखला

समाजवादी क्रांति एका देशाच्या सैन्यास दुसऱ्या देशांत नेऊन रुजवितां येते काय, हा प्रश्न पुष्कळदां तत्त्वचर्चेंतच अडकून पडतो. त्याची प्रत्यक्ष परीक्षा इ. स. १९२० च्या उन्हाळ्यांत पोलंडांत झाली. सबब तिचा वृत्तांत येथें थोडक्यांत देतों.

त्या वर्षीं मे महिन्यांत पिल्सुड्स्कीच्या फौजांनीं कीव्ह घेतलें. जूनमध्यें तें त्यांस सोडावें लागलें. जुलैच्या आरंभीं तुखाचेव्हस्कीनें चढाई केली व लाल सेना वॉर्साच्या रोखानें निघाली. पुढें जावें कीं थांबावें, याविषयीं मॉस्कोंत एकमत नव्हतें. पोलिश कामकरी उठाव करतील असा लेनिनचा भरंवसा होता. पोलंडची चांगली माहिती असलेल्या राडेकनें मात्र उलट सल्ला दिला.

जुलैअखेर बियालिस्टोक येथें मार्खलेव्हस्कीच्या अध्यक्षतेखालीं हंगामी क्रांतिकारी समिति कारभार पाहूं लागली. झेर्झिन्स्की, कोन वगैरे तिचे सभासद जुने पोलिश क्रांतिकारकच होते. परंतु त्यांची सत्ता लाल सेनेच्या मागोमाग आली व तिच्याबरोबरच गेली.

असें कां झालें? पहिलें कारण, शंभराहून अधिक वर्षांच्या पारतंत्र्यानंतर १९१८ मध्यें पोलंड स्वतंत्र झाला होता. रशियन शिपायाच्या टोपीवर तारा असला तरी लोकांस त्यांत झारचाच शिपाई दिसला. दुसरें कारण जमिनीचें. मोठ्या जमीनदाऱ्या कुळांस वांटून न देतां त्या अखंड ठेवण्याकडे समितीचा कल होता. उलट वॉर्साच्या लोकसभेनें १५ जुलै रोजीं जमीनसुधारणेचा कायदा केला. २४ जुलै रोजीं शेतकरी पुढारी व्हिटोस मुख्य प्रधान व समाजवादी डाशिन्स्की उपप्रधान झाले. शेतकरी व कामकरी या दोघांसही स्वदेशाच्या सरकारांत आपला माणूस दिसला.

१६ ऑगस्ट रोजीं पिल्सुड्स्कीनें प्रतिहल्ला केला व लाल सेना मागें हटली. १८ मार्च १९२१ रोजीं रीगा येथें तह झाला.

हा पराभव केवळ लष्करी होता, रशियाच्या दोन आघाड्यांत मेळ नव्हता, असा आक्षेप निघतो. तो अंशतः खरा आहे. परंतु लाल सेना वेशीशीं आली असतांही वॉर्सांत उठाव झाला नाहीं. उलट हजारों स्वयंसेवक तिच्याशीं लढावयास निघाले. याचा उलगडा लष्करी डावपेंचांनीं होत नाहीं.

यावर १९४४ चें उदाहरण पुढें केलें जाईल. त्या वर्षीं सोव्हिएट सेनेच्या आश्रयानें लुब्लिन येथें समिति आली. तिनें जमिनी वांटल्या, आणि त्यांतून उभी राहिलेली राज्यव्यवस्था १९८९ पर्यंत टिकली. तथापि १९५६ मध्यें सक्ती सैल होतांच बहुतेक सामुदायिक शेतसंस्था मोडल्या, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

तात्पर्य, परक्या सैन्यास सत्ता बसवितां येते, व सैन्याचा धाक असेतोंवर ती चालवितांही येते. परंतु क्रांतीस लागणारी लोकांची संमति सैन्याच्या सामानांतून नेतां येत नाहीं. ती त्या त्या भूमींतच उगवावी लागते.