नवे इंजिन रुळवावे कसे?



दसऱ्याला थळ-वायशेतपासून किहीमपर्यंत एक फेरी मारा. पूर्वी झेंडूची माळ नांगराला आणि बैलांच्या शिंगांना दिसे. आता ती पंपाच्या इंजिनावर, पॉवर टिलरवर, बंदरातल्या होडीवर आणि कुठे कुठे अंगणातल्या नव्याकोऱ्या डिझेल मोटारीवरही दिसते. पांढऱ्या कांद्याचे, नारळाचे, मासळीचे पैसे साठवून आणि वर बँकेचे कर्ज काढून ती घेतलेली असते. हप्ते पाच-सात वर्षे चालणार. इंजिनाने तेवढी वर्षे विनातक्रार साथ द्यावी असे वाटत असेल, तर पहिले १००० किलोमीटर डोळ्यांत तेल घालून चालवा.

घरचा गोऱ्हा पहिल्यांदा जुंपताना आपण काय करतो? पहिल्याच दिवशी त्याला चिखलणीला लावून दमवत नाही. पण लाड म्हणून गोठ्यात बांधूनही ठेवत नाही. आधी हलके औत, मग थोडे जड, मधे विसावा. असे केले की खांदा घट्ट होतो. इंजिनाचेही तसेच आहे.

आत काय चालते?

इंजिनात लोखंडी नळकांडे असते, तो सिलिंडर. त्यात पिस्टन खाली-वर होतो. पिस्टनला रिंगा असतात. सिलिंडरची आतली भिंत हाताला गुळगुळीत लागली, तरी कारखान्यात तिच्यावर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांत ऑईल धरून राहते. नव्या रिंगा या भिंतीवर घासतात, दोन्हींचे उंचवटे झिजतात आणि रिंग भिंतीला चपखल बसते. यालाच इंजिन रुळणे म्हणतात.

आता खरी मेख ऐका. रिंगांना भिंतीशी दाबून धरतो तो जळणाऱ्या डिझेलच्या वायूचा दाब. इंजिनावर भारच नसेल तर हा दाब कमी पडतो. रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवरचे ऑईल अर्धवट जळून काचेसारखा लेप चढतो आणि रेघा बुजतात. उलट पहिल्याच दिवशी फार भार टाकला, तर ऑईलचा पापुद्रा फाटून भिंतीला ओरखडे पडतात.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका कांदा उत्पादकाने पंपासाठी नवे इंजिन घेतले. गडी मोठा हौशी. इंजिनाला त्रास नको म्हणून कित्येक दिवस ते नुसतेच मंद चालवून ठेवी, पाणी जेमतेम काढी. पुढच्या हंगामात इंजिन निळा धूर सोडू लागले आणि ऑईल पिऊ लागले. ऐन लागवडीत ते खोलावे लागले. त्याने हयगय केली नव्हती, लाड केले होते. तेव्हापासून मी सांगतो, नव्या इंजिनाला जपा, पण कामाला लावून जपा.

मोटारीचे पहिले १००० किलोमीटर

आजच्या कारखान्यांतले काम पूर्वीपेक्षा फार बारीक असते, त्यामुळे जुन्या काळाइतके कडक पथ्य लागत नाही. तरी एवढे पाळा:

१. गाडीबरोबर आलेले पुस्तक आधी वाचा. त्यात लिहिले असेल ते अंतिम समजा.

२. सुरू करून तासभर उभी ठेवू नका. अर्ध्या-एक मिनिटात निघा, पण इंजिन गरम होईपर्यंत सावकाश.

३. फेऱ्यांचा काटा ३००० च्या आत ठेवा आणि पेडल तळापर्यंत दाबू नका.

४. एकाच वेगाने मैलोन्‌मैल जाऊ नका. वेग कमी-जास्त करत राहा. अलिबागहून कार्लेखिंड चढून पोयनाड-वडखळचा रस्ता यासाठी उत्तम. चढ, उतार, वळण सारे मिळते.

५. मागे ट्रेलर जोडू नका, टपावर पोत्यांची थप्पी रचू नका.

६. लांबून आल्यावर लगेच बंद करू नका. टर्बो तापलेला असतो. मिनिटभर मंद चालू देऊन मग किल्ली फिरवा.

७. ऑईलची पातळी दर आठवड्याला पाहा. पहिली तपासणी चुकवू नका.

नवे ब्रेकसुद्धा पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुरती पकड देत नाहीत. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

आपोआप बदलणारे गिअर

हल्ली क्लच नसलेल्या गाड्या आल्या आहेत. घरातल्या सुनेला, मुलीला शिकायला सोप्या. या गिअरबॉक्सचे प्रकार अनेक आहेत. त्यांतला एक असा समजा: दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. पुढे तेलात बुडालेल्या चकत्या एकमेकींना धरून गिअर बदलतात. नव्या चकत्यांची पकड बसायला वेळ लागतो आणि गाडीतला छोटा संगणक त्यानुसार तेलाचा दाब थोडाथोडा जुळवून घेतो. म्हणून सुरुवातीला गिअर बदलताना हलका हिसका जाणवला तर घाबरू नका. हिसका वाढत गेला, तर मात्र दाखवून आणा.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढून मागे किंवा मागून पुढे गिअर टाकू नका. चढावर पेडल दाबून गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. उतारावर न्यूट्रल करू नका. दोन्ही पेडलांना उजवाच पाय वापरा.

थळकरांसाठी दोन खास गोष्टी

पहिली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम आले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी गाडी सलग चालून तापली की आतच जळते. थळहून अलिबाग बाजार आणि परत, एवढीच गाडी चालली तर जाळी तुंबते. शिवाय काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल ऑईलमध्ये उतरू शकते. कांडीवर ऑईल वाढलेले दिसले तर आनंद मानू नका. पंधरा दिवसांतून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग फेरी काढा.

दुसरी अधिक महत्त्वाची. आपल्या गावाच्या शेजारी युरियाचा मोठा कारखाना आहे आणि युरिया घरोघरी आहे. काही डिझेल गाड्यांना धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. म्हणून कोणी म्हणेल, 'बादलीत घरीच कालवू.' तसे कदापि करू नका. शेताच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. ती महागडी यंत्रणा त्याने बाद होते. शेताचा युरिया शेतालाच द्या.

डिझेलही खात्रीच्या पंपावरूनच घ्या. खाऱ्या, दमट हवेत पिंपात पाणी धरते. पंपाचे जुने इंजिन ते एकवेळ सोसेल. पण नव्या मोटारीत डिझेल प्रचंड दाबाने, केसाएवढ्या छिद्रांतून उडते. तिथे पाण्याचा थेंबही घात करतो.

शेवटी एक करा. कर्जाच्या पासबुकाशेजारी एक वही ठेवा. किलोमीटर, डिझेल, ऑईल यांची नोंद मुलांकडून लिहून घ्या. बिघाडाची पहिली चाहूल त्या वहीतच लागते, आणि गाडी घरातल्या सर्वांची आहे हेही मुलांना उमगते.